खाचरातलं खत ओढ्याला लागतं, ते कोणत्या खात्याच्या अखत्यारीत?

भातसाकाठी (14 जुलै, रात्री 10:40)

मी मुलुंडला राहतो. गाव शहापूर तालुक्यात, भातसा नदीच्या काठाला. शेती धाकटा भाऊ आणि भावजय बघतात. मी लावणीला रजा काढून जातो. कालच परत आलो आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आमची वरची लावणी आधीच उरकली होती. बुधवारी दुपारी भावाने युरियाच्या दोन गोणी काढल्या. घमेलं कमरेला लावून खाचरात फेकत गेला. पांढरे दाणे पाण्यावर पडताना बारीक टपटप आवाज होतो, तो बांधावर बसून ऐकत होतो. तीनला काम संपलं. साडेचारला पावसाने असं झोडपलं की बांध फुटू नये म्हणून खाचराचं तोंड उघडावं लागलं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं ओढ्याला, ओढा नदीला. संध्याकाळी भाऊ ओटीवर बसून म्हणाला, "दादा, पाचशे रुपये वाहून गेले बघ." गोणी 266 रुपये 50 पैशांची, म्हणजे हिशोब बरोबरच होता.

त्याला पैशाचं वाईट वाटलं. मला दुसरंच सुचत होतं. भातसा धरणाचं पाणी मुंबईला थेट नळातून येत नाही. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध होतं, मग आपल्याकडे. म्हणजे आमच्या ओढ्याचं पाणी वाटेत त्यातच मिसळतं.

त्याहून जवळचा प्रश्न पाड्यावरच्या विहिरीचा. ती खाचरांच्या खालच्या अंगाला आहे. जलजीवन मिशनमधून गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट मिळालंय, भावजय त्यांच्यातली एक. युरियातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जमिनीत मुरताना त्याचं नायट्रेट होतं. तेच बघायला तिने माझ्यासमोर नळीत पाणी घेतलं, पावडर टाकली, हलवलं. गुलाबी रंग गडद होत गेला आणि तक्त्यातल्या 45 च्या चौकोनाच्या पुढे गेला. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. त्या विहिरीवर सात घरं आहेत आणि दोन घरांत तान्ही मुलं.

मी तीन कार्यालयांत फोन केले. एकाने विचारलं, "जवळ कारखाना आहे का? नाही ना, मग आमच्याकडे येत नाही." दुसरे म्हणाले, आम्ही खताचा दर्जा तपासतो, पाणी नाही. तिसऱ्यांनी सांगितलं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट हलत नाही, हे भावजयीलाही माहीत आहे.

माझा प्रश्न साधा आहे. शेतातून वाहून जाणारं खत आणि फवारणीचं औषध पाण्यात जाऊ नये, हे बघणं सरकारात नक्की कोणाचं काम? जाणकारांनी सांगावं.

---

जुना_निरीक्षक (15 जुलै, सकाळी 7:15)

माझी नोकरी नदीनाल्यांचे नमुने घेण्यात गेली, आता निवृत्त आहे. तुम्हाला मिळालेली उत्तरं खोटी नाहीत आणि दुखणं नेमकं तिथेच आहे.

आपला जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 1974 चा. त्याच्या आधीच, 1969 च्या राज्याच्या कायद्याखाली, महाराष्ट्रात प्रदूषण मंडळ स्थापन झालं होतं, 1970 मध्ये. पण या कायद्याची सगळी यंत्रणा पाइपाभोवती उभी आहे. कारखान्याला संमतीपत्र लागतं, त्यात लिहिलेलं असतं की तुमच्या सांडपाण्यात अमुक इतकं बीओडी (पाण्यातला प्राणवायू खाणारी घाण), तमुक इतका सामू (आम्लता) चालेल. निरीक्षक जातो, पाइपाच्या तोंडाशी बाटली धरतो, तिचं सील होतं, नमुना प्रयोगशाळेत जातो, मर्यादा ओलांडली की नोटीस. मी हेच केलं, वर्षानुवर्षं.

आता तुमच्या भावाच्या खाचराशी मी बाटली कुठे धरू? तोंड एक नाही. पाऊस थांबला की प्रवाह थांबतो. आणि ओढ्यात जे सापडेल ते तुमचं की वरच्या चाळीस शेतांचं, हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. कलम 24 चे शब्द तसे व्यापक आहेत, जाणूनबुजून विषारी वा प्रदूषक पदार्थ प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ते लागू होतं. पण युरिया फेकणाऱ्या शेतकऱ्यावर ते लावायचं म्हटलं तर तो खटला उभाच राहणार नाही. राहू नये असंही माझं मत आहे.

बाकी कायद्यांचं बघा. खत नियंत्रण आदेश 1985 चा, तो बघतो की गोणीत लिहिलंय तेवढं नत्र आहे का, ठरलेल्या दराने विकलं का. कीटकनाशक कायदा 1968 चा, तो नोंदणी, परवाना, विक्री बघतो. दोन्ही राबवतात कृषी खात्याचे लोक. पदार्थ दुकानात असेपर्यंत कृषी खातं, कारखान्याच्या पाइपात असेल तर प्रदूषण मंडळ. विहिरीचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि ग्रामपंचायत. शेतापासून ओढ्यापर्यंतची जी शंभर पावलं आहेत, ती कोणाच्याच वहीत नाहीत.

---

गरवा (15 जुलै, दुपारी 1:05)

मी वाडा तालुक्यातला शेतकरी. धागा वाचून राग आला, तो लिहूनच मोकळा होतो.

तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, सगळी धरणं आमच्या भागात. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो, धरणाचं पाणी डोळ्यासमोरून मुंबईला जातं. वर आता शेतकरी पाणी नासवतो म्हणायचं? मुंबईचं सांडपाणी इतकी वर्षं कसं समुद्रात गेलं ते आधी लिहा. सात मलजल केंद्रं आत्ता कुठे नव्याने बांधताय.

आणि खत जास्त का पडतं ते आमच्याकडून ऐका. युरिया 45 किलो 266 रुपयांना. डीएपी (फॉस्फरस असलेलं खत) 50 किलो 1350 ला. माती परीक्षण काहीही सांगो, खिसा युरियाच सांगतो. त्यात तो वेळेवर मिळत नाही, मिळाला तर लिंकिंग. युरियाबरोबर ही बाटली घ्या, ती पुडी घ्या, नाहीतर माल नाही. घेतलेली बाटली कोणी फेकून देतं का? ती मारली जाते, गरज असो वा नसो. कृषी सहायकाकडे इतकी गावं की तो हंगामात एकदा दिसला तरी नशीब. मग आमचा डॉक्टर कोण, तर दुकानदार.

---

भातसाकाठी (15 जुलै, रात्री 9:30)

गरवा दादा, मी माझ्याच घरचं लिहिलंय. शेतकऱ्याला आरोपी करायचं नाहीये. टँकरचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं, आमच्या पाड्यावरही एप्रिलपासून तीच वाट बघणं असतं. म्हणून तर ती एक विहीर खराब होणं जास्त लागतं मनाला.

---

मोगरा (15 जुलै, रात्री 10:10)

घरात पाच महिन्यांचं बाळ आहे, भांडुपला राहते. हे वाचून घाबरले. नळाचं पाणी उकळून दिलं तर चालेल ना?

---

जुना_निरीक्षक (15 जुलै, रात्री 10:45)

ताई, घाबरू नका, मुंबईच्या नळाचं मी निश्चिंतपणे पितो. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानात आहेत, तानसाभोवती अभयारण्य आहे. धरणांच्या वरचं बरंचसं जंगल शाबूत आहे, म्हणून पाणी मुळातच चांगलं येतं. भातसाच्या पात्रात जे मिसळतं ते पावसाळ्यात प्रचंड पाण्यात विरळ होतं, आणि महापालिका रोज नमुने तपासते.

पण तुमच्या प्रश्नात एक गैरसमज आहे, तो सगळ्यांनीच काढून टाकावा. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट घट्ट होतं. तुरटी, गाळणी, क्लोरीन, या नेहमीच्या शुद्धीकरणातही विरघळलेलं नायट्रेट निघत नाही. म्हणूनच ते वरच अडवावं लागतं. धोका खरा आहे तो पाड्यावरच्या तान्ह्या मुलांना, ज्यांचं दुधाचं पावडर विहिरीच्या पाण्यात कालवलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद नायट्रेटने कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. भातसाकाठी, त्या दोन घरांना आजच निरोप द्या, बाळासाठी दुसरीकडचं पाणी आणायला सांगा.

---

भातसाकाठी (15 जुलै, रात्री 11:00)

आत्ताच भावजयीला फोन केला. उद्यापासून शाळेच्या बोअरिंगचं पाणी आणतील, ते तिने तपासलंय, रंग फिका आला होता.

---

परतलेला (16 जुलै, सकाळी 8:20)

आता कांदिवलीत आहे, पण 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात टोलेडो शहराजवळ राहत होतो. एका शनिवारी पहाटे सूचना आली, नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका. शहराचं पाणी ईरी सरोवरातून येतं. शेतांतून वाहून आलेल्या फॉस्फरसवर सरोवरात हिरवं शेवाळ माजलं होतं आणि त्याचं विष पंपापर्यंत पोचलं होतं. जवळजवळ पाच लाख लोक, तीन दिवस. दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या. वाटीत घेतलेलं पाणी नेहमीसारखंच स्वच्छ दिसत होतं, ते मी विसरलेलो नाही.

तिथल्या कायद्यातही जुना_निरीक्षक म्हणतात तीच फट आहे. 1972 चा स्वच्छ जल कायदा शेतातून पावसाने वाहणाऱ्या पाण्याला परवान्यातून सरळ वगळतो. 1987 मध्ये राज्यांना अशा विखुरलेल्या प्रदूषणासाठी अनुदान सुरू झालं, पण ते ऐच्छिक कामांसाठी. आयोवात डे मॉइन शहराच्या पाणी संस्थेने 2015 मध्ये वरच्या तीन परगण्यांच्या निचरा मंडळांवर नायट्रेटसाठी दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला.

टोलेडोनंतर मात्र ओहायोने 2015 मध्ये एक नेमका नियम केला. ईरीच्या पश्चिम खोऱ्यात, येत्या 12 तासांत एक इंचाहून जास्त पाऊस पडायची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, तर दाणेदार खत उघड्यावर फेकायचं नाही. गोठलेल्या किंवा पाणी भरलेल्या जमिनीवरही नाही. बुधवारचा तुमचा प्रसंग वाचून तोच नियम आठवला. आपल्याकडे हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो. असा नियम इथे का नको?

---

कृषीकन्या (16 जुलै, दुपारी 3:40)

दापोलीला शेतकी शिकले, आता ठाण्यात नोकरी. परतलेला, नियम चांगला आहे, पण कोकणात तो लावला तर भाताला खत द्यायलाच मिळणार नाही. जुलैत 12 तासांत इंचभर पाऊस न पडणारा दिवस इथे शोधावा लागतो, आणि भाताचं खाचर म्हणजे पाणी भरलेली जमीनच. तिकडचा मका आणि इकडचं भात, दोघांना एक नियम लागत नाही.

पण याच अडचणीवर आपल्याकडचंच उत्तर आहे, आणि माझा सगळा जीव त्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चारसूत्री भात लागवड. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली. पहिलं सूत्र, भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीत परत घालायचा. दुसरं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत गाडायचा. तिसरं, नियंत्रित लावणी, एकाआड एक 15 आणि 25 सेंटिमीटर अंतर दोन्ही बाजूंनी, म्हणजे चार चुडांचे (रोपांच्या जुड्यांचे) छोटे चौकोन तयार होतात. चौथं, लावणीच्याच दिवशी त्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, साधारण पावणेतीन ग्रॅमची, बोटांनी सात ते दहा सेंटिमीटर चिखलात खोचायची. गुंठ्याला साधारण 625 गोळ्या.

फेकलेला युरिया पाण्यात विरघळतो. काही हवेत जातो, काही बांधावरून निघून जातो. गोळी खाली चिखलात, जिथे प्राणवायू नसतो. तिथे अमोनियम चिकणमातीला धरून बसतं, नायट्रेट होत नाही, मुळं हळूहळू ओढून घेतात. वर कितीही पाऊस पडो, खाचराचं तोंड उघडा, जाणारं पाणी जवळजवळ कोरं जातं. खतही कमी लागतं. मी विद्यार्थिनी म्हणून गावात राहिले होते तेव्हा एका आजीने मला हे करून दाखवलं होतं. वाकून उजव्या हाताने चूड, डाव्या हाताने गोळी, मध्ये विचार करायला सवडच नाही. मी चौथ्या ओळीला चुकायला लागले, त्या सरळ पुढे गेल्या.

सरकारची भूमिका मला इथे दिसते. दंड नको, निरीक्षकही नको. गोळ्या लावणीच्या आधी गावात पोचवा.

---

गरवा (16 जुलै, रात्री 8:15)

कृषीकन्या ताई, चारसूत्री मी तीन वर्षं केली. उत्पन्न वाढलं, खोटं कशाला बोलू. सोडली ती दोन कारणांनी. गोळी वेळेला मिळाली नाही, लावणी गोळीसाठी थांबत नाही. आणि मजूर. दोरी धरून अंतर राखून लावायचं आणि वर गोळी खोचायची, एका माणसाचं काम दीडपट होतं. मजुरी मी भरायची, युरिया मात्र सरकार स्वस्त देतं. म्हणजे फेकण्याला अनुदान आहे, खोचण्याला नाही. हे उलटं करून दाखवा, मी उद्या सुरू करतो.

---

जुना_निरीक्षक (17 जुलै, सकाळी 6:50)

गरवा यांचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आम्ही कार्यालयात बसून इतक्या बैठका केल्या, असं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

2010 पासून स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) खतांना पोषणद्रव्यांनुसार अनुदान आहे, युरियाचा दर मात्र सरकारने बांधलेला राहिला. 2015 मध्ये सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन विकायची सक्ती झाली, त्याने नत्र हळू सुटतं, काही प्रमाणात उपयोग झाला. त्याच वर्षी मृदा आरोग्य पत्रिका आल्या. पण या सगळ्यामागे विचार पिकाचा आणि तिजोरीचा. पाण्याचा विचार त्या फायलीत कधी शिरलाच नाही.

---

आरेवासी (17 जुलै, दुपारी 12:20)

थोडं वेगळं, पण जोडून. आमचा गोरेगावला तबेला आहे, पिढीजात. शेण-मूत्र पावसात नाल्याला जायचं, कोणी विचारत नव्हतं. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, संमतीपत्र घ्या म्हणाले. सुरुवातीला जाच वाटला. पण शेणाची जागा, पाण्याचा हिशोब, लेखी द्यावा लागतो म्हटल्यावर आम्ही गटार वळवून खड्डा केला. म्हणजे जिथे एका जागी शंभर म्हशी आहेत तिथे कारखान्याचा नियम चालतो. दोन एकरवाल्याला तो नाही चालणार, हे मलाही पटतं.

---

परतलेला (17 जुलै, रात्री 9:00)

गरवा यांनी "उलटं करून दाखवा" म्हटलंय. एका शहराने केलं आहे.

न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या कॅट्स्किल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. तिथे दूधवाले शेतकरी आहेत, शेण ओढ्यांत जायचं. केंद्राच्या नियमाने शहराला अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधावा लागणार होता. शहराने शेतकऱ्यांशी बोलणी केली आणि 1997 मध्ये खोऱ्यातल्या गावांशी मोठा करार झाला. ज्या शेतकऱ्याची इच्छा असेल त्याच्या शेताचा आराखडा त्याच्याशी बसून करायचा, शेणाची साठवण, ओढ्याकाठी कुंपण, गुरांना पाणी पिण्याची वेगळी सोय, आणि खर्च शहराने द्यायचा. शेतकरी आधी चिडलेलेच होते. आमच्या जमिनीवर शहराची हुकूमत नको, हे त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं. पैसे आणि निर्णयात वाटा, दोन्ही मिळालं तेव्हा बहुतेक मोठी शेतं आत आली.

---

भातसाकाठी (17 जुलै, रात्री 11:25)

हे वाचून झोप उडाली. भातसाच्या पाण्यासाठी महापालिका राज्याच्या जलसंपदा खात्याला पैसे भरतेच. मग त्यातला काही भाग धरणापासून पिसे बंधाऱ्यापर्यंतच्या काठावरच्या गावांत गोळ्यांसाठी आणि खोचणाऱ्या बाईच्या जास्तीच्या मजुरीसाठी का नाही? त्याला नवा कायदा लागत नाही, दोन खात्यांचं आणि एका महापालिकेचं एकत्र बसणं लागतं. मंडळाने पावसाळ्यात ओढ्यांच्या मुखाशी नमुने घ्यावेत, नोटिशीसाठी नव्हे, फरक पडतोय का ते कळण्यासाठी. आणि औषधांसाठी कृषी सहायकाला गावात यायला वेळ मिळेल इतकी माणसं भरा.

मी हे पत्र करून तिन्हीकडे देतो. मसुदा इथे टाकेन, सुधारणा सुचवा.

---

कृषीकन्या (18 जुलै, सकाळी 9:10)

पत्रात ओढ्याकाठच्या पट्ट्याचंही घाला. काठापासून काही हात जागेत नांगर आणि फवारणी नको, वाळा किंवा बांबू लावायचा. औषध मातीला चिकटून वाहतं, गवत माती अडवतं. रोजगार हमीतून होऊ शकतं. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुणं बंद, हे तर उद्यापासून.

---

भातसाकाठी (23 नोव्हेंबर, पुढचं वर्ष, रात्री 10:05)

धागा वर काढतोय.

पत्रं दिली होती. दोन ठिकाणांहून पोच आली, एका ठिकाणी प्रत्यक्ष भेट झाली, ऐकून घेतलं, "विचाराधीन" लिहून आलं. पाठपुरावा चालू आहे.

या जूनमध्ये भावाला तीन खाचरांपुरत्या गोळ्या मी आधीच आणून दिल्या, मेच्या शेवटी. पुरवठ्याचं गरवा दादांनी सांगितलं होतं म्हणून. जास्तीची मजुरी मी भरली. भावजय आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दोरी धरून लावलं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कमरा मोडल्या, तिसऱ्या दिवशी हात बसला. जुलैत खाचराची तोंडं उघडली तेव्हा भावजयीने दोन्हीकडचं वाहतं पाणी किटवर घेतलं, युरिया फेकलेल्या खाचराचं आणि गोळीच्या खाचराचं. दोन नळ्या ओटीच्या कठड्यावर शेजारी ठेवल्या होत्या. एक गुलाबी, दुसरीचा रंग इतका फिका की मागे पांढरा कागद धरून बघावा लागला. एकदाच केलेली चाचणी आहे, तिला अभ्यास म्हणत नाही. गोळीच्या खाचरांचं भात गेल्या आठवड्यात झोडलं, भाऊ खूश आहे, पुढच्या वर्षी सगळीकडे करायचं म्हणतो, मजुरीचं जमलं तर.

विहीर मात्र तशीच आहे. दिवाळीनंतर तपासली, रंग अजून 45 च्या पुढेच. जुना_निरीक्षक काकांनी फोनवर सांगितलं, जमिनीत मुरलेलं उतरायला काही पावसाळे जातील. बाळांसाठी पाणी अजून शाळेच्या बोअरिंगवरून येतं, सकाळी सात वाजता, दोन कळश्या.